मॉन्ट्रोझचं जादूचं कुंपण

शिकागोत वसंत ऋतूला सगळ्यात जास्त कोण अडवत असेल, तर मिशिगन तलाव. जवळजवळ पाचशे किलोमीटर लांब, ५८ हजार चौरस किलोमीटर पसरलेला हा गोड्या पाण्याचा साठा आपल्या कोकण विभागाच्या जवळपास दुप्पट आहे. हिवाळ्यात तो एकदा गारठला की तापायला महिने घेतो. एप्रिल सरत आला तरी काठचं पाणी बर्फासारखं गार असतं. दुपारी वारा पूर्वेकडून वाहू लागला की तासाभरात दहा-बारा अंशांनी तापमान घसरतं. आमच्या नेपरव्हिलला, तलावापासून चाळीसेक किलोमीटर आत, लोक अर्ध्या बाह्यांत अंगणातलं गवत कापत असतात आणि त्याच वेळी तलावकाठी फिरणाऱ्यांना कानटोपी लागते. ‘तलावाजवळ गारवा अधिक’ हे वाक्य इथल्या हवामानाच्या बातम्यांत मार्चपासून जूनपर्यंत रोज असतं. मॅग्नोलिया आत आधी फुलतो, काठावर मागाहून. ओकला पालवीही काठावर उशिराच.

तरीही वसंत बघायचा तर मी काठावरच्या बागांमध्येच जाते, आणि इतकी वर्षं जाऊनही माझं समाधान झालेलं नाही. शहराच्या आतल्या बागांत फुलं असतात. काठावरच्या बागांत फुलांसोबत आणखी काही उतरतं. त्याबद्दलच मला सविस्तर लिहायचं आहे.

काठाचा इतिहास मात्र आधी उरकून घ्यायला हवा. १८३६ साली कालव्यासाठी जमिनीचे तुकडे विकताना नेमलेल्या आयुक्तांनी नकाशावर एका पट्ट्यात लिहून ठेवलं की ही जागा सार्वजनिक असून ती कायम मोकळी राहील, तिथे कसलीही इमारत किंवा अडथळा उभा राहणार नाही. पन्नासेक वर्षांनी त्या पट्ट्यावर कचरा, तबेले आणि रेल्वेचे फाटे जमले होते. टपालाने माल विकणारा व्यापारी माँटगोमरी वॉर्ड याचं कार्यालय समोरच होतं. त्याने नकाशावरची ती ओळ हातात धरून १८९० पासून १९११ पर्यंत खटले लढवले, शहराच्या बड्या लोकांचा आणि वृत्तपत्रांचा रोष ओढवून घेतला आणि तो जिंकला. १९०९ साली डॅनिएल बर्नम याने शहराचा आराखडा मांडला, त्यातही काठ लोकांचा हे सूत्र होतं. पुढे तलावात भराव टाकून बागा वाढवत नेल्या. आज शहराच्या काठापैकी सुमारे ४२ किलोमीटर सार्वजनिक आहे आणि त्यावरून तीस किलोमीटर सलग पायवाट जाते. काठावर घर असलेला कोट्यधीश आणि दक्षिण भागातून बसने आलेलं कुटुंब एकाच गवतावर बसतात. वॉर्डचा पुतळा कुठे आहे असं इथे कोणाला विचारलं तर सांगता येत नाही, ही गोष्ट मला खटकते.

मार्चच्या शेवटी पहिलं निळं दिसतं. सिला नावाचं बोटभर उंचीचं कंदाचं फूल जुन्या हिरवळींवर आपोआप पसरत गेलं आहे आणि पानं नसलेल्या झाडांखाली जमीनच निळी होते. शहराच्या मधोमध मिलेनियम पार्कात लुरी गार्डन आहे. डच रचनाकार पीट ऑडॉल्फ याने तिथली झाडं निवडली आणि २००४ साली ती खुली झाली. तिथे सगळा हिवाळा वाळलेले देठ तसेच उभे ठेवतात आणि वसंताच्या तोंडावर सगळं जमिनीलगत कापतात. ही कापणी झाल्यावर पंधरा दिवसांनी जाऊन बघा. राखाडी मातीतून कंद वर यायला लागलेले असतात. बाग कशी लावावी याच्याइतकंच ती कधी आवरू नये हेही मला तिथे कळलं.

एप्रिलच्या शेवटी जॅक्सन पार्कमधल्या जपानी चेरीची बातमी सगळीकडे पसरते आणि आठवडाभर तिथे पाय ठेवायला जागा नसते. ही बाग १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाची. फ्रेडरिक लॉ ओमस्टेड याने दलदलीतून पाण्याचे कालवे आणि मधे एक झाडांचं बेट काढलं. बेट शांत राहावं, त्यावर बांधकाम नको असा त्याचा आग्रह होता. शेवटी जपानच्या लाकडी मंडपापुरता तो नरमला. त्याला फीनिक्सचा मंडप म्हणत. १९४६ साली तो जळाला, पण जपानी बाग राहिली आणि प्रदर्शनाला १२० वर्षं झाली म्हणून २०१३ साली तिथे १२० चेरी लावल्या. मराठी माणसाने तिथे जाताना एक लक्षात ठेवावं. याच प्रदर्शनात राजा रविवर्म्याची दहा चित्रं मांडली होती आणि त्यांना पदकं मिळाली. दुसऱ्याच वर्षी त्याने मुंबईत आपला छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या घराघरांच्या भिंतींवर आल्या. विवेकानंद शिकागोला आले तेही त्याच वर्षी, याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेसाठी. परिषद मात्र इथे नव्हती, ती शहरात, आजच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीत झाली. आपल्याकडचे बरेच पाहुणे ती जागा जॅक्सन पार्कमध्ये शोधतात.

चेरीपेक्षा मला लिंकन पार्कमधलं लिलीचं तळं जवळचं. १९३६ ते ३८ या मंदीच्या वर्षांत आल्फ्रेड कॉल्डवेल याने ते घडवलं. तो येन्स येन्सनचा शिष्य. डेन्मार्कहून आलेल्या येन्सनने इलिनॉयच्या गवताळ मैदानाची प्रीती या शहराला लावली. आडव्या, पातळ थरांच्या चुनखडीच्या शिळा, त्यामधून संथ वाहणारं पाणी, आडव्या फांद्यांची हॉथॉर्न. मैदानातून जाणारी एखादी नदी पुरातन काळी दगड कापत गेली असावी असं सगळं दृश्य. रानफुलांसाठी पैसे मंजूर होईनात तेव्हा कॉल्डवेलने स्वतःची आयुर्विम्याची पॉलिसी मोडली, ट्रक घेऊन विस्कॉन्सिन गाठलं, रानफुलांची रोपं भरून आणली आणि लावली. पुढे पन्नास वर्षं या जागेची हेळसांड झाली. मग लोकांनी पैसे उभारून ती पुन्हा उभी केली आणि २००६ साली तिला राष्ट्रीय महत्त्वाचं ऐतिहासिक स्थळ ठरवलं. आजूबाजूला रस्ता आणि उंच इमारती असूनही आत शिरल्यावर त्या दिसत नाहीत. पूर्ण लिंकन पार्क १२०० एकरांचं आहे, पण कॉल्डवेलच्या या तीन एकरांत जितकं मन घातलं आहे तितकं उरलेल्यात कुठे नाही, असं माझं मत आहे.

तळ्याला लागूनच प्राणिसंग्रहालय, आणि ते फुकट. तिथे वसंतात एक मुक्त पाहुणा येतो. मार्चच्या अखेरीला रातबगळे परततात आणि लहान मुलांच्या विभागात, लाल लांडग्यांच्या आवारावरच्या झाडांत घरटी बांधतात. खाली लांडगे असल्यामुळे रॅकून झाडावर चढायला धजत नाहीत, असं तिथले अभ्यासक मानतात. इलिनॉय राज्यात हा पक्षी धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे आणि त्याची मोठी वसाहत आहे ती महानगराच्या मधोमध. आई नाशिकहून आली होती तेव्हा तिला तिथे घेऊन गेले. ती वर बघून म्हणाली, “अगं, हा तर आपल्या नदीवरचा! संध्याकाळी ओरडत जातो तो.” खरंच, जात तीच. गोदावरीवर सांजवेळी ‘क्वाक’ करत जाणारा हाच पक्षी. मग आईने त्या दुपारी दुसरं काही बघितलं नाही.

एप्रिलची आणखी एक खास गोष्ट स्मेल्टची. बोटभर लांबीचा, चकचकीत चंदेरी मासा. मूळ अटलांटिकचा, १९१२ साली मिशिगन राज्यातल्या एका तलावात सोडला आणि तिथून तो मोठ्या तलावात शिरला. वसंतात रात्री तो काठाशी येतो. एप्रिलमध्ये संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीनंतर एकपर्यंत बंदराच्या भिंतीवरून जाळी टाकायला परवानगी असते. एके काळी इथे कंदिलांची रांगच्या रांग लागे. कढईत तेल तिथेच तापत असे आणि पहिल्या माशाचं डोकं कच्चंच चावायची रीत होती. आता मासा फार कमी झाला. बाहेरून आलेल्या शिंपल्यांनी पाण्यातलं सूक्ष्म अन्न गाळून घेतलं आणि सामनही त्याला खातात. तरी काही म्हातारे शेगडी घेऊन येतात. रिकाम्या जाळ्याभोवतीही गप्पा रंगतात आणि ओळख नसलेल्याला कॉफी मिळते.

हे सगळं जिथे बघायचं ते बंदर मॉन्ट्रोझचं. आणि तिथेच माझा मुक्काम.

मॉन्ट्रोझ पॉइंट हा तलावात घुसलेला जमिनीचा तुकडा आहे. तोही भरावाचा. १९३० च्या दशकात तो तयार झाला आणि १९३८ साली त्याच्या झाडांचा आराखडाही कॉल्डवेलनेच काढला. त्यानंतर शीतयुद्ध आलं. सोव्हिएत बॉम्बर येतील या भीतीने अमेरिकेच्या अनेक मोठ्या शहरांभोवती नायके क्षेपणास्त्रांचे तळ उभे राहिले. शिकागोच्या तळाचं रडार आणि सैनिकांच्या बराकी १९५५ च्या सुमारास या टोकावर आल्या. फिरायला येणाऱ्यांना बराकी दिसू नयेत म्हणून लष्कराने हनीसकलच्या झुडपांचं कुंपण लावलं. बॉम्बर कधी आले नाहीत. लष्कर गेलं, बराकी पाडल्या, कुंपण तसंच राहिलं. लांबी दीडशे पावलांच्या आसपास. बाकी टोकावर नुसतं गवत.

मग काठावरच्या पक्षीवेड्यांच्या ध्यानात आलं की त्या दीडशे पावलांत मे महिन्यात जे दिसतं ते शहरात दुसरीकडे कुठेही दिसत नाही. त्यांनीच त्याला ‘मॅजिक हेज’ म्हणायला सुरुवात केली. आजवर या एका टोकावर तीनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत.

याचं कारण भूगोलात आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत हिवाळा काढणारे कोट्यवधी लहान पक्षी वसंतात कॅनडाच्या जंगलांकडे निघतात. जाताना ते बहुतेक रात्री उडतात. हवा थंड आणि स्थिर असते, ससाणे झोपलेले असतात, आणि दिशेसाठी तारे असतात. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात ते आकाशात चढतात आणि पहाटे खाली उतरतात. मिशिगन तलाव उत्तर-दक्षिण पसरलेला असल्याने त्यांचा एक मोठा ओघ पश्चिम काठाने वर सरकतो. रात्री पश्चिमेचा वारा असला की पुष्कळ पक्षी नकळत पाण्यावर ढकलले जातात. उजाडताना खाली बघतात तर सगळं पाणी. वॉर्बलरसारख्या छोट्या पक्ष्यांना पाण्यावर उतरता येत नाही. मग ते उलटे काठाकडे फिरतात, आणि काठावर काय असतं? काच, सिमेंट, डांबर, आणि पाण्यात पुढे आलेलं एक हिरवं टोक. दमलेले, भुकेले ते त्या टोकावर कोसळतात. उरलेलं काम वाऱ्याचं. दोन दिवस दक्षिणेचा ऊबदार वारा, त्यामागून रात्री उत्तरेकडून थंड हवेची धडक आणि पहाटे पाऊस, असा योग आला की रात्रभर निघालेले सगळे एकदम खाली येतात. त्याला ‘फॉलआउट’ म्हणतात. मे महिन्यात आमच्यातले बरेच जण झोपण्याआधी हवामानाचं रडार बघतात. त्या रडारवर पावसासारखेच पक्ष्यांचेही ढग दिसतात, शहरामागून शहर उजळत जातात.

अशा एका सकाळी मी साडेपाचला तिथे पोचले होते. पाऊस थांबत आला होता, तापमान आठ अंश. कुंपणाच्या अलीकडेच गवतात पिवळं काही हललं. मग दुसरं. मग कळलं की सगळं गवतच हलतंय. नेहमी झाडाच्या शेंड्यावर, मान दुखेपर्यंत बघूनही न सापडणारे वॉर्बलर माझ्या बुटांपासून हातभर अंतरावर उड्या मारत होते. इतक्या थंडीत झाडावर अळ्या हलत नाहीत, म्हणून ते जमिनीवर उतरले होते. तलावातून याच दिवसांत चिलटांसारखे निरुपद्रवी किडे लाखोंनी बाहेर पडतात आणि गारठून गवतावर बसतात, त्यांवर ताव चालला होता. शेजारच्या दगडावर ब्लॅकबर्नियन वॉर्बलर येऊन बसला. वजन दहा ग्रॅम. गळा निखाऱ्यासारखा केशरी. तो हिवाळ्यात अँडीज पर्वतात होता, जूनपर्यंत कॅनडात घरटं करायला पोचायचा होता. माझ्या बाजूला उभे असलेले निवृत्त गृहस्थ दुर्बीण खाली करून नुसतं बघत राहिले. आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

आपल्याकडे वटवटे असतात, पण या अमेरिकी वॉर्बलरांचं कूळ वेगळं. आणखी एक मोठा फरक आहे. मी पक्षी बघायला शिकले नांदूरमधमेश्वरला. तिथे थंडीत हजारो पाहुणे येतात, पण त्यांतले बरेच हिवाळी पिसांत, राखी-तपकिरी. त्यांची विणीची रंगीत पिसं दूर सैबेरियात दिसतात, आपण ती पुस्तकात बघतो. गातही फारसे नाहीत. इथे मे महिन्यात प्रत्येक नर नवीन पिसांत असतो आणि रस्त्यातच गाऊ लागतो. पंचविसेक जातींचे वॉर्बलर, प्रत्येकाचं गाणं निराळं. एप्रिलच्या मध्यावर पिवळ्या कमरेचे पहिले येतात, ब्लॅकपोल सगळ्यांत शेवटी. ब्लॅकपोल आले की समजायचं, यंदाचा हंगाम संपला. मे महिन्याचा दुसरा आणि तिसरा आठवडा हा मधला गाभा. त्या पंधरवड्यात इथे लग्नाची आमंत्रणं आली तरी मला अवघड जातं.

पक्ष्यांच्या या गर्दीत लष्कराच्या हनीसकलचा वाटा आता थोडा उरला आहे. ती झुडपं परदेशी, इथल्या किड्यांना त्यांची पानं रुचत नाहीत, म्हणून अळ्या कमी. स्वयंसेवक वर्षानुवर्षं ती काढून देशी झाडं लावत आले. बर ओकवर पालवी फुटते तेव्हा त्यावर अळ्यांची रेलचेल असते आणि पक्ष्यांचा प्रवास नेमका त्या वेळेशी जुळलेला असतो. काहींना जुनं कुंपण गेल्याचं दुःख आहे. मला नाही. कुंपणाने पक्ष्यांना आसरा दिला, ओक त्यांना जेवण देतो.

बंदराच्या बाजूला पांढऱ्या खांबांवर पर्पल मार्टिन या पाकोळ्यांच्या वसाहती आहेत. त्यांची गोष्ट मला फार आवडते. युरोपीय लोक येण्यापूर्वीच चोक्टॉ आणि चिकसॉ या मूळनिवासी जमाती त्यांच्यासाठी पोकळ दुधी भोपळे टांगत. शतकानुशतकं अशा घरांची सवय होत होत या खंडाच्या पूर्व भागात हा पक्षी आज जवळजवळ पूर्णपणे माणसाने दिलेल्या घरट्यांवर अवलंबून आहे. एप्रिलमध्ये हे पक्षी ब्राझीलकडून येतात आणि बंदरातल्या नावा पाण्यात उतरायच्या आधी घरं ताब्यात घेतात.

आणि मग चिलखे. मॉन्ट्रोझच्या वाळूवर व्हॉलीबॉलची मैदानं आहेत. त्यांच्या पलीकडे २००० च्या सुमारास तलावाची पातळी घटली, उघड्या पडलेल्या ओल्या वाळूत गवत आलं, त्याने वाऱ्याबरोबर येणारी वाळू अडवली, छोट्या टेकड्या झाल्या. कोणी लावल्या नाहीत. नशीब असं की यंत्राने वाळू साफ करणाऱ्यांना तिथे जाऊ दिलं नाही. २०१९ साली त्या वाळूत पायपिंग प्लोव्हर जातीच्या चिलख्याची एक जोडी उतरली. मुठीएवढा, वाळूच्याच रंगाचा पक्षी. मिशिगन आणि शेजारच्या मोठ्या तलावांवरची त्याची संख्या इतकी घटली होती की १९८६ साली त्याला संकटग्रस्त जाहीर केलं तेव्हा वीस जोड्याही उरल्या नव्हत्या. शिकागोत त्याने १९४८ नंतर अंडी घातलेली नव्हती. लोकांनी या जोडीला नावं दिली, मॉन्टी आणि रोझ. पायांत रंगीत कडी असल्याने ते ओळखू येत. ऑगस्टमध्ये त्याच किनाऱ्यावर संगीताचा मोठा महोत्सव ठरला होता. पिलं त्या वाळूत पळत होती. आयोजकांनी जुलैमध्ये तो रद्द केला. पन्नास-साठ ग्रॅमच्या पक्ष्यासाठी या शहरात गाण्याचा महोत्सव रद्द झाला, ही गोष्ट मी माझ्या मुलांना कितीदा तरी सांगितली आहे.

त्या उन्हाळ्यात पहाट ते संध्याकाळ स्वयंसेवक घरट्याभोवती पाळीने उभे असत. कुत्रा सुटलेल्या माणसाला समजावणं, चेंडू आणायला धावणाऱ्या मुलाला थांबवणं, कावळे आणि गल यांच्यावर नजर ठेवणं. मीही उभी राहिले आहे. दुर्बीण हातात दिली की बहुतेक लोक आवाज खाली आणतात. हिवाळ्यात मॉन्टी टेक्सासला जाई आणि रोझ फ्लोरिडाला. तिथे एकमेकांपासून हजारेक किलोमीटर दूर राहून दर एप्रिलमध्ये ते याच वाळूवर भेटत. २०२२ साली मॉन्टी आला, रोझ आलीच नाही. तो किनाऱ्यावर एकटाच हाक मारत फिरे. १३ मे रोजी तो श्वासाच्या आजाराने त्याच वाळूवर गेला. शहराने जाहीर शोक केला म्हटलं तरी चालेल. त्यांचा २०२१ सालचा मुलगा इमानी पुढच्या वर्षी परत आला. जोडीदारीण नव्हती. २०२३ च्या जुलैमध्ये दुसरीकडे माणसांनी वाढवलेली तीन पिलं इथे सोडली, त्यांतली सीरॉकेट ही मादी २०२४ च्या वसंतात परतली आणि दोघांनी घरटं केलं. मोठ्या तलावांवरच्या जोड्या तोवर ऐंशीच्या वर गेल्या होत्या.

याच पक्ष्यांना हे शहर मारतंही. ते टाळून या बागांबद्दल लिहिणं मला योग्य वाटत नाही. तलावकाठीच मॅककॉर्मिक प्लेस नावाचं भव्य संमेलनगृह आहे आणि त्याच्या पाण्याकडच्या इमारतीला लांबच लांब काचा. १९७८ साली फील्ड म्युझियममधले डेव्हिड विलर्ड एका सकाळी तिथे गेले आणि त्यांना काचेखाली दोन मेलेले पक्षी मिळाले. तेव्हापासून ते आणि त्यांचे सहकारी दर हंगामात सकाळी जाऊन पक्षी गोळा करू लागले. एका इमारतीखालून चाळीस हजारांहून अधिक. शहरातून जमवलेल्या अशा ७०,७१६ पक्ष्यांची मापं घेऊन २०१९ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळीस वर्षांत ५२ जातींच्या पायाचं हाड सरासरी २.४ टक्क्यांनी लहान झालं आणि पंख १.३ टक्क्यांनी लांब. तापमान वाढतं तसं शरीर आटत चाललं आहे, असा निष्कर्ष त्यातून निघाला. पृथ्वीवर काय घडतं आहे याची अशी नोंद फार थोड्या संग्रहालयांकडे असेल, आणि ही आहे ती काचेवर आपटून मेलेल्यांची.

५ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी त्या एका इमारतीखाली जवळजवळ हजार पक्षी पडलेले मिळाले. विलर्ड यांनी चार दशकांत असं पाहिलं नव्हतं. त्यानंतर हालचाल झाली. २०२४ च्या उन्हाळ्यात त्या काचांवर बारीक ठिपक्यांची झिल्ली लावली. येणाऱ्या पक्ष्याला आरपार दिसणाऱ्या आकाशाऐवजी भिंत दिसते. त्या शरदात मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी कमी झाले. उपाय इतका साधा होता आणि तो व्हायला पंचेचाळीसहून अधिक वर्षं लागली. दिव्यांचं गणितही तसंच. याच इमारतीच्या नोंदींवरून २०२१ साली संशोधकांनी दाखवलं की उजळलेल्या खिडक्यांचं प्रमाण दोन दशकांतल्या सगळ्यात कमी पातळीवर ठेवलं तर मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी घटतील.

त्याच संमेलनगृहाच्या जवळ नॉर्दर्ली आयलंड आहे. तिथे छोटा विमानतळ होता. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौर रिचर्ड डेली यांनी कोणालाही न विचारता बुलडोझर पाठवले आणि सकाळी धावपट्टीवर खणलेल्या मोठमोठ्या फुल्या दिसल्या. पद्धत लोकशाहीची नव्हती, हे खरंच. आज मात्र तिथे गवताळ मैदान आणि तळं आहे. बर्नमच्या आराखड्यात तिथे बागच होती.

शिकागोत मुलांकडे आलेल्या आई-वडिलांना माझं एक सांगणं आहे. पुण्या-नाशिकहून बहुतेक जण एप्रिल-मेमध्येच येतात, मॉल आणि मंदिरं दाखवली जातात, बाकी दिवस खिडकीपाशी जातात. मेच्या मध्यावर एक सकाळ मागून घ्या. रेड लाइनच्या विल्सन स्थानकावर उतरून मॉन्ट्रोझ रस्त्याने पूर्वेला चालत गेलं तर तासाभराच्या आत कुंपण येतं. स्वेटर आणि कानटोपी न्या, साध्या दुर्बिणीने काम भागतं. प्रवेश फुकट आहे. तिथे उभ्या असलेल्या कोणालाही विचारा, ते पक्षी दाखवतात. वाळूत दोरी बांधलेली दिसली की पलीकडे जाऊ नका.

आणि या शहरात तलावाकडे तोंड असलेल्या उंच इमारतींत आपली बरीच मराठी घरं आहेत. त्यांना विनंती आहे. मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत आणि पुन्हा ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रात्री अकरानंतर खिडकीजवळचे दिवे मालवा. ते शक्य नसेल तर पडदे तरी ओढून घ्या.